चितारी का दमत होता

तुमच्या आईने फोनवर विचारलं, "आई, पडद्यावर काही हलतंय का?" आणि मी म्हटलं, "नाही." हे उत्तर मी तिला तीन वेगवेगळ्या दिवशी दिलं, आणि तिन्ही वेळा चष्मा पुसून, नीट बघून दिलं. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मी मुलांना "जे दिसतं तेच लिहा" असं बजावत आले, आणि माझ्याच हातून हे झालं. म्हणून ते तुम्हा दोघांसाठी क्रमवार लिहून ठेवते आहे. तुम्हाला या प्रकरणाची फक्त तिकडची बाजू माहीत आहे. तिकडची बाजू म्हणजे, आजी रविवारी तोंड उघडं ठेवून गोठायची.

आधी रविवारबद्दल. आमची संध्याकाळ आणि तुमची सकाळ यांची गाठ साडेसहाला पडते. थोरला येतो, "हाय आजी, हाय आजोबा" म्हणतो, त्याच्या मिशीची प्रगती आम्हाला दाखवतो आणि जातो. मग अर्धा तास धाकटीचा. त्या आठवड्यात मी तिच्यासाठी एक पान लिहिलेलं असतं, मोठ्या अक्षरात. पूर्णगडला मासळी आणायला गेलो तेव्हा आजोबांची एक चप्पल होडीतून परस्पर पलीकडच्या काठाला कशी गेली, असलं काहीतरी. ते ती मोठ्याने वाचते आणि मी ऐकते. दोन वर्षांपूर्वी आम्ही 'क का कि की'पासून सुरुवात केली होती. आता ती जोडाक्षरांच्या रानात शिरली आहे. सोमवारी मी पुढच्या पानाचा विषय ठरवते, बुधवारी लिहिते, शुक्रवारी त्यातले अवघड शब्द कमी करते आणि शनिवारी त्यातले दोन परत घालून पान तुमच्या आईला पाठवते, ती ते तिकडे छापून घेते. म्हणजे आठवडा तसा भरगच्च असतो.

गणपतीनंतर केव्हातरी आमचा कॉम्प्युटर बिघडला. बिघडला म्हणजे बंद पडला नाही. बंद पडला असता तर सोपं होतं. त्याचा पंखा ओल्या नारळाचं वाटण घातलेल्या मिक्सरसारखा ओरडायला लागला. माउसचा बाण गुडघे दुखत असल्यासारखा थांबत थांबत चालायला लागला. आणि रविवारी, धाकटे, तू "कोकणात" म्हणायचीस तेव्हा मला "को" ऐकू यायचं, मग बराच वेळ काही नाही, मग "त". मधला 'कणा' कुठे गेला ते मला कळत नसे. तू चुकलीस की यंत्र चुकलं हेही कळत नसे, आणि मी चूक सुधारायला जायची तोवर तू पुढच्या ओळीवर असायचीस. तू मला पुन्हा मागे न्यायचीस. तिसऱ्यांदा मागे नेलंस त्या रविवारी तू वही घेतलीस आणि गोठलेल्या आजीचं चित्र काढलंस. चित्र चांगलं होतं. दातांची संख्या सोडल्यास.

तुमची आई म्हणाली, "आई, ती कंटाळते गं. आणि इथे रविवारी त्याच वेळेला पोहण्याच्या वर्गात जागा आहे. अजून दोन रविवार बघू. नाहीच जमलं तर तिला तिकडे घालते."

"आणि वाचन?"

"एरवी बोलेलच ना तुझ्याशी. जमेल तसं."

'एरवी' आणि 'जमेल तसं' हे दोन शब्द मला चांगले माहीत आहेत. माझी वीणा, आजोबांचा सकाळचा फेरफटका आणि माळ्याची सफाई, या सगळ्यांची व्यवस्था आमच्या घरात 'एरवी, जमेल तसं' अशीच लागलेली आहे. वीणेच्या तारा गंजल्या आहेत.

फोनवर करून बघ, असंही ती म्हणाली. करून बघितलं. फोनमध्ये पान दिसतं तेव्हा तू दिसत नाहीस आणि तू दिसतेस तेव्हा पान दिसत नाही. शिवाय फोन आजोबांनी धरला होता, त्यामुळे तुम्हाला तिकडे त्यांचा अंगठा दिसत होता.

म्हणजे माझ्याकडे दोन रविवार होते.

तुमच्या आजोबांचं निदान तयार होतं. "अगो, हवा दमट आहे. लोखंड गंजतं, तर त्याचं काय." त्यांची नोकरी जमीन मोजणीत गेली. उघड्या कातळावर उभं राहून काढलेल्या आयुष्यामुळे त्यांना सगळ्या दुखण्यांचं मूळ हवेत दिसतं. त्यांनी टेबलफॅन आणून कॉम्प्युटरकडे तोंड करून लावला. कॉम्प्युटरला काही झालं नाही. माझी शुक्रवारची पानं मात्र खिडकीतून शेजारच्या अळूत गेली.

मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चांगला पन्नाशीचा, शांत गृहस्थ आहे. त्याने खोक्याची बाजू उघडली आणि आनंदाने ओरडला, "काकू, कुंभारणीने बंगला बांधलान् की हो आत!"

खरंच बांधला होता. मातीचा, गोल, तीन खोल्यांचा, पंख्याच्या जाळीला चिकटवून. ही कुंभारीण माशी मातीचे गोळे घेऊन खिडकीतून ये-जा करत होती ते मी पाहिलंही होतं, पण तिचं काम खिडकीच्या चौकटीवर चाललं आहे अशी माझी समजूत होती. दुरुस्तीवाल्याने ते घर सांभाळून काढलं, ब्रशने धूळ झटकली आणि म्हणाला, "आता विमान."

पंख्याचा आवाज कमी झाला हे खरं. बाण मात्र तसाच लंगडत राहिला. त्याने तो थोडा वेळ पाहिला, मान हलवली.

"मग फॉरमॅट मारूया, काकू. सगळं पुसून नवं टाकतो."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं."

त्यात तुमच्या बारशांचे फोटो आहेत, माझी शंभराहून जास्त पानं आहेत. मी म्हटलं, "चहा घ्या." चहा पिऊन तो गेला.

त्या दिवशी मी वही काढली. प्रयोगशाळेत माझे दोन नियम असत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की लगेच लिहायची. मुलं एकदम तीन गोष्टी बदलत आणि मग विचारत, "मॅडम, उत्तर बरोबर आलं, पण कशामुळे?" वहीत मी चार रकाने पाडले: वार, वेळ, काय बदललं, काय झालं. तुमच्या आईला फोन लावला आणि म्हटलं, "आता तू सांग, मी करते."

तुमची आई शिकवायला लागली की माझ्यासारखी होते. तिचा आवाज वरच्या पट्टीत जातो. तिने मला एक काळी खिडकी उघडायला लावली आणि त्यात टी, ओ, पी ही तीन अक्षरं टाइप करायला लावली. लगेच एक यादी आली, हजेरीच्या पटासारखी. कॉम्प्युटरमध्ये त्या क्षणी कोण कोण काम करतंय आणि कोण किती ताकद खातंय, ते टक्क्यांत.

"सगळ्यात वर कोण आहे?"

"एक्स, ओ, आर, जी. नव्याऐंशी."

"बाप रे. बाकीचे?"

"बाकीचे एक, दोन. बरेचसे शून्य. सरकारी खात्यात असतात तसेच."

तिने मला समजावलं ते असं. हा जो एक्स-ओ-आर-जी आहे, तो पडदा रंगवणारा. कॉम्प्युटरमधला प्रत्येक जण त्याला सांगतो, इथे खिडकी काढ, इथे अक्षर काढ, आणि तो काढतो. काही बदललं नाही तर तो बसून राहतो. काही बदललं की तेवढा भाग पुन्हा काढतो. आमच्या जुन्या यंत्रात रंगकामाला वेगळी चिप नाही, त्यामुळे त्याला सगळं मुख्य प्रोसेसरच्या डोक्याने करावं लागतं. तो नव्याऐंशी टक्के खात असेल तर आमच्या पडद्यावर काहीतरी सतत, न थांबता बदलतंय. ते कोण ते शोधायचं.

मला हे फार आवडलं. मी त्याचं नाव चितारी ठेवलं. वहीत इंग्रजी आद्याक्षरं लिहीत बसण्यापेक्षा ते बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजोबांना म्हटलं, "चितारी आज पण नव्वदवर आहे." ते दाढी करत होते.

"कोण चितारी? खालच्या आळीतला? त्याला जाऊन वर्ष झालं की."

"कॉम्प्युटरमधला."

त्यांनी आरशातून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दुसरा गाल घेतला.

मग मी एकेक गोष्ट बदलत गेले. घड्याळात सेकंद दिसत होते, ते काढले. दोन टक्के उतरले. कॉम्प्युटर रिकामा असला की पडद्यावर मासे पोहायचे, ते काढले. काही नाही. तुमच्या आईने विचारलं, "पडद्यावर काही हलतंय का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग एकेक करून सगळ्या खिडक्या बंद कर." आकड्यांची काळी तेवढी ठेवून मी सगळ्या बंद केल्या. चितारी अठ्ठ्याऐंशीवरून चौऱ्याण्णववर गेला.

"असं होणार नाही, आई. सगळं बंद केल्यावर वाढेल कसा?"

"होणार नाही ते झालंय. मी लिहून ठेवलंय."

"सगळं बंद केलंस नक्की?"

"सगळं."

"काहीही हलत नाहीये?"

"पान हलत नाहीये."

दोन रविवारांतला पहिला आला. माझ्या पानात तीन परिच्छेद होते, तू त्यातला एक वाचलास. एक म्हणजे, मला जेवढा ऐकू आला त्याला मी एक म्हणते. मग तू म्हणालीस, "आजी, यू आर गॉन अगेन," आणि मी इथेच होते, अगदी समोर, तुझ्या केसातली पिवळी क्लिप बघत. त्यानंतर पडद्यावर तुझ्या जागी तुमची आई आली. तिने पोहण्याबद्दल काही म्हटलं नाही. तिने "बघू, पुढच्या रविवारी" एवढंच म्हटलं, पण ते तुझ्या वर्गशिक्षिकेशी बोलावं तसं म्हटलं.

त्या आठवड्यात मी तासातासाला आकडा टिपायला लागले. आजोबांना ते पटेना. "तू सारखी बघतेस म्हणून तो दमतो. मोजणीला उभं राहिलं आणि मालक पाठीशी येऊन बघत बसला की माझीसुद्धा साखळी वाकडी पडायची."

"तो माणूस नाही, अहो."

"चितारी म्हणतेस आणि माणूस नाही म्हणतेस."

गुरुवारी दुपारी मी वही घेऊन बसले आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. नव्वद, एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव. आणि मध्येच सहा. मला वाटलं माझा हात चुकला, साठ असेल. आदल्या दिवशीचं बघितलं. तिथेही सगळे नव्वद आणि एक सात. त्याच्या आदल्या दिवशी पाच. तिन्ही सकाळी पावणेनऊचे.

पावणेनऊला कॉम्प्युटरवर तुमचे आजोबा असतात. पेपर वाचतात. मी पाणी भरताना मध्येच येऊन दुसऱ्या खिडकीतून आकडा टिपून जाते. क्षणभर माझ्या मनात आलं की चितारी त्यांना घाबरत असावा. पण ते शास्त्रीय नव्हतं. मग मी विचार केला, त्या वेळेला वेगळं काय असतं? पेपर पडदाभर उघडलेला असतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि मी माझी काळी खिडकी त्याच्यावर उघडते. म्हणजे पेपरमुळे काहीतरी झाकलं जातं, आणि ते झाकलं की चितारी बसतो. पेपर काय झाकतो?

मी पेपर मिटला आणि पडद्याकडे बघितलं. आता मला एक गोष्ट कबूल करायला हवी. ती मी तुमच्या आईला तीनदा सांगितली नव्हती.

आपला गणपती दीड दिवसांचा. तुम्ही दोघं आला होतात त्या वर्षी पाहिलाय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गणपती गेले की मखराची रिकामी जागा आजोबांना बघवत नाही. ते त्या खोलीतून जायचं टाळतात, पाण्याला मागच्या दाराने जातात. यंदा तुम्ही येणार नव्हतात, त्यामुळे जरा जास्तच. तेव्हा त्यांच्या भजनी मंडळातल्या एका मित्राने पेनड्राइव्ह आणला आणि आमच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक गणपती बसवून दिला. तळहाताएवढा, शेजारी समई, समईत पाच वाती, आणि त्या वाती खऱ्यासारख्या थरथरणाऱ्या. कॉम्प्युटर चालू केला की तो आपोआप येतो. "अखंड," मित्र म्हणाला, "तेल घालायला नको." आजोबा हरखले. त्यांनी त्याच दिवशी नियम केला: देवावर खिडकी ठेवायची नाही. त्या दिवसापासून मी सगळ्या खिडक्या डावीकडे सरकवून काम करते. तुझी खिडकीसुद्धा, धाकटे. म्हणून तू नेहमी एका बाजूला दिसायचीस. पेपर तेवढा अपवाद. तो आजोबा मुद्दाम पडदाभर उघडतात, कारण पेपरात ज्या बातम्या असतात त्या देवाने वाचू नयेत असं त्यांना वाटतं.

मी अडीच महिने त्या समईला वळसा घालून काम करत होते आणि ती मला दिसत नव्हती. मी समोर बसले आणि बघत राहिले. पाचही वाती थरथरत होत्या, न थांबता.

तुमच्या आईला फोन लावला. तुमच्याकडे पहाट होती बहुतेक, तिने घाबरून उचलला.

"सगळे बरे आहेत," मी म्हटलं. "समई आहे."

"काय आहे?"

मी सगळं सांगितलं.

"आई. मी तीनदा विचारलं, काही हलतंय का."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"अगं, तो दिवा आहे. दिवा हलतोच. तू काही हलतंय का विचारलंस, म्हणजे जे हलायला नको ते, असंच मी धरलं."

"आणि सगळं बंद केलंस का विचारलं तेव्हा?"

"सगळं केलं होतं. सगळ्यात देव कोण धरतं?"

ती इतकी हसली की थोरल्याचा "मॉम, व्हॉट हॅपन्ड" असा झोपाळू आवाज मला ऐकू आला. मग तिने मला त्या चित्राची माहिती काढायला लावली आणि पुन्हा हसली. मित्राने तो गणपती मंडळाच्या मोठ्या पडद्यासाठी केला होता, भिंतीएवढा. आमच्याकडे तो तळहाताएवढा दिसत होता, पण बिचारा चितारी प्रत्येक थरथरीला अख्खी भिंत रंगवायचा, ती आवळून तळहाताएवढी करायचा आणि कोपऱ्यात बसवायचा. पुढच्या थरथरीला पुन्हा भिंत. एका सेकंदात कित्येकदा. बाकीच्या खिडक्या मिटल्यावर त्यांची ताकदही त्यालाच मिळाली, म्हणून आकडा वाढला.

"काढून टाक, आई. संपलं."

"संपलं कसं? बाबा आहेत."

शुक्रवार विचार करण्यात गेला. शनिवारी सकाळी आजोबांपुढे पोह्यांची बशी ठेवली आणि कारण सापडल्याचं सांगितलं. आकडे दाखवले. त्यांनी वही लांब धरून वाचली. मोजणीखात्यातला माणूस, आकडे नाकारणं त्यांना जमत नाही.

"म्हणजे समई विझवायची म्हणतेस," ते म्हणाले आणि स्वतःच्याच शब्दाने दचकले. दिवा विझवला असं आपल्याकडे म्हणत नाहीत. दिवा शांत झाला म्हणतात. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि पुन्हा म्हणाले, "शांत करायची."

"देवघरात खरी आहे ना?"

"ती आपण लावतो, सकाळ-संध्याकाळ. ही अखंड आहे. अखंड दिवा आपल्या हाताने शांत करतात का? काही झालं तर?"

"लाइट जाते तेव्हा शांत होतेच की."

"तो आपला हात नव्हे."

मी ओट्याकडे गेले. नारळ खवला. खवता खवता मला सुचलं आणि मी खवणी तशीच टाकून बाहेर आले.

"अहो, आपला गणपती किती दिवसांचा?"

"दीड."

"किती पिढ्या?"

"तू मला काय विचारतेस? दीड दिवसाच्या वर आपल्याकडे कुणी ठेवलेला नाही."

"मग हा केव्हा बसलाय?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. भाद्रपद, आश्विन, कार्तिक. पोहे थंड झाले.

"विसर्जन राहिलं," ते शेवटी हळू म्हणाले. चेहरा असा की परीक्षेला नंबर न घालता पेपर दिल्याचं घरी आल्यावर आठवावं. "अगो, अडीच महिने विसर्जनाशिवाय बसलाय तो!"

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. पंचांग त्यांनीच बघितलं. संध्याकाळ चांगली होती. चार वाजता त्यांनी दुसऱ्यांदा अंघोळ केली, सोवळं नेसलं आणि कॉम्प्युटरच्या खुर्चीवर पाट ठेवून त्यावर बसले. तुमची आई फोनच्या स्पीकरवर होती. पौरोहित्य तिच्याकडे.

"बाबा, आधी चित्रावर उजवं बटण दाबा. दाबलंत? आता यादीत शेवटून दुसरं—"

"इथे 'कचरापेटीत टाका' असं लिहिलंय."

"हां, तेच."

आजोबांनी माउसवरचा हात काढून घेतला. "गणपती कचरापेटीत?"

मग तुमच्या आईचा आवाज, एकदम लहान मुलीसारखा. "नाही, बाबा. तसं नको."

गणपती कुठे न्यायचा यावर थोडी चर्चा झाली. मग मी एक नवीन फोल्डर केला आणि त्याचं नाव लिहिलं, 'मांडवी'. आपला गणपती दरवर्षी तिथल्याच पाण्यात जातो. आजोबांना ते पटलं. "भरती बघायला हवी होती," एवढं ते म्हणाले, पण हट्ट धरला नाही.

त्यांनी अक्षता वाहिल्या. मी म्हटलं पडद्यावर नकोत, म्हणून त्यांनी त्या की-बोर्डवर वाहिल्या. त्यातले दोन दाणे 'क' आणि 'र' या अक्षरांच्या खाली गेले आणि पुढे मला आकड्याने काढावे लागले, केसातल्या. मग मूर्ती जागेवरून थोडी हलवतात, तशी त्यांनी माउस धरून हलवली. उजव्या कोपऱ्यातून बोटभर डावीकडे. समई पण बरोबर गेली. "पुढच्या वर्षी लवकर या," ते म्हणाले. शिदोरीला दही-पोहे मी आधीच करून ठेवले होते.

तुमच्या आईने सांगितलं तसं मी गणपती 'मांडवी'त नेऊन सोडला, आणि कॉम्प्युटर चालू करताना तो आपोआप येऊन बसायचा तेही बंद केलं. काळ्या खिडकीत आकडा एक्क्याण्णव होता. चाळीस झाला. अकरा झाला. मग चार झाला आणि चारवरच राहिला. पंखा उतरत उतरत इतका हळू झाला की बाहेर कुणीतरी माडाचा झापा ओढत नेत होतं त्याचा आवाज ऐकू आला.

आजोबा रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसले होते. मी त्यांना उठा म्हटलं नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "आता तिथे खिडकी ठेवायला हरकत नाही," आणि सोवळं बदलायला गेले.

रविवारी साडेसहाला मी तुझी खिडकी पहिल्यांदा पडदाभर उघडली. एका बाजूला लहानशी ओळखीची तू, त्याऐवजी अख्ख्या टेबलाएवढी तू. तुझा एक दात पडला होता. तो केव्हा पडला ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. थोरल्याने मिशी दाखवली. ती दिसली, म्हणजे यंत्र खरंच सुधारलं होतं. तुमची आई मागे उभी होती, हाताची घडी घालून. पोहण्याची पिशवी दाराला अडकवलेली मला दिसत होती, निळी, तिच्यावर मासा.

तू वाचायला लागलीस. पहिली ओळ आली, सगळी, मधल्या अक्षरांसकट. दुसरी आली. 'होडी' आली, 'वल्हं' आलं, 'चप्पल' तू हसत वाचलीस. मी एकदा चूक सांगितली आणि तू ती लगेच सुधारलीस. आजोबा माझ्या खुर्चीमागे उभे होते, त्यांचा श्वास माझ्या डोक्यावर लागत होता.

तिसऱ्या परिच्छेदात तू थांबलीस.

चेहरा तसाच. डोळे पानावर. ओठ थोडे उघडे, पडलेल्या दाताची खिडकी दिसतेय. एक सेकंद, दोन, पाच. पडदा अगदी तसाच दिसत होता, जसा अडीच महिने दर रविवारी दिसायचा.

"गोठली," आजोबा म्हणाले. "अगो, ती पुन्हा गोठली! तो परत आला वाटतं कोपऱ्यात." आणि त्यांनी खोक्यावर थाप मारायला हात उगारला.

मीही तेच समजले होते. माझा हात काळ्या खिडकीकडे निघालाच होता. मग मला तुझ्या खालच्या ओठाचं टोक दिसलं. ते हलत होतं. अगदी बारीक, आवाज न करता. उ. न्हा. पुन्हा न्हा. तू शब्द लावत होतीस. मी शनिवारी मुद्दाम परत घातलेला अवघड शब्द होता तो, आणि तुझं बोट पानावर त्याच्या खालून सरकत होतं.

"हात खाली घ्या," मी आजोबांना म्हटलं. "यंत्र ठीक आहे. ती वाचतेय."

मागे तुमच्या आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी तिला बोट दाखवलं, वर्गात दाखवायचे तसं. तिने तोंड मिटलं. आम्ही चौघं, दोन इकडे, दोन तिकडे, थांबलो. थोरला केव्हा परत येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

"उन्हाळ्यातल्या," तू म्हणालीस. आणि तुझं बोट पुढच्या शब्दावर गेलं.

पिशवी दारावरून कुणी काढली ते मी पाहिलं नाही. पान संपलं तेव्हा ती तिथे नव्हती, आणि तुमची आई म्हणाली, "आई, पोहणं आता शनिवारी. पुढच्या वेळी जरा लांब पान लिही."